सहा मिनिटांत परकी

क्लीव्हलंडचा कार्यक्रम दुपारचा होता. चार वाजून दहा मिनिटांनी तो संपला आणि चार एकोणीसला डेनिस हॅलोरन मेली.

डेनिस चव्वेचाळीस वर्षांची होती, शाळेची बस चालवायची, आणि आयुष्यात तिनं कुणावर हात उगारलेला नव्हता. हे सगळं अंगरक्षक उत्पला वानखडेला नंतर कळलं. त्या क्षणी तिला दिसलं ते एवढंच की सभागृहाच्या मागच्या अंगणात, जिथे सामानाचे ट्रक लागतात तिथे, एक दणकट बाई लोखंडी कठडा ओलांडून आत आली आणि कार्यक्रम संपवून निघालेल्या गायिकेच्या, सायोच्या दिशेनं धावत सुटली. तिच्यामागे आणखी सहा-सात जण. सायो गाडीपासून वीस पावलांवर होती.

"सोडा तिला!" बाई किंचाळत होती. "कुठं नेताय? ती रडतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

सायो रडत नव्हती. घामानं निथळत ती बाटलीतून पाणी पीत होती. आडव्या आलेल्या रक्षकाच्या गालाचा बाईनं असा लचका तोडला की तो गुडघ्यावर बसला. मग तिनं सायोचा दंड पकडला. दुसऱ्या बाजूनं एका म्हाताऱ्यानं सायोचे केस मुठीत धरले. दोघं तिला दोन दिशांना ओढू लागले. सायोच्या खांद्यातून काहीतरी निखळल्याचा आवाज आला आणि मग मात्र ती ओरडली.

उत्पला बाईच्या कुशीत शिरली, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला, गुडघे वाकवले आणि तिला पाठीवरून पुढं फेकलं. ज्यूदोतला हा डाव मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात आणि सोबत एक नियमही शिकवतात. फेकताना समोरच्याची बाही सोडायची नाही. बाही हातात असली की माणूस पाठीवर पडतो, डोकं वर राहतं. उत्पलानं बाही सोडली. म्हाताऱ्यासाठी तिला तो हात मोकळा हवा होता.

डेनिस काँक्रीटवर डोक्यावर पडली. तसा आवाज उत्पलानं पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण तो कशाचा हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं कोपरानं म्हाताऱ्याचं नाक फोडलं, सायोला उचलून गाडीत कोंबलं, दार ओढलं. गाडी वळताना मागच्या काचेतून तिला दिसलं की उरलेले लोक गाडीमागे धावत नव्हते. डेनिसच्या देहाभोवती ते एकमेकांनाच मारत होते.

उत्पला अमरावतीची. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ज्यूदोत राष्ट्रीय पदक मिळाल्यावर शिष्यवृत्तीवर ती जपानला गेली ती एकविसाव्या वर्षी. तिसऱ्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पदकांचा विषय संपला. जपानी भाषा मात्र तोवर चांगली आली होती. टोकियोतल्या एका सुरक्षा संस्थेनं तिला कामावर घेतलं आणि सायो मिनागावाच्या मागे उभं केलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

जपानमध्ये सायोचं नाव माहीत नाही असं घर नव्हतं. पण तिला अमेरिका हवी होती. ती दोनदा तिथं जाऊन हात हलवत परत आली होती. पहिल्या वेळी सॅन दिएगोत दोनशे माणसं जमली, त्यातली निम्मी जपानी कार्टूनमधल्या पात्रांसारखे रंगीत केसांचे टोप घालून आली होती. दुसऱ्या वेळी एका टीव्हीवाल्यानं तिच्याकडून 'र' आणि 'ल' असलेले शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि प्रेक्षक हसले. सायोही हसली. स्टुडिओतून बाहेर आल्यावर तिनं स्वच्छतागृहातला आरसा मुठीनं फोडला, आणि तिच्या बोटांतल्या काचा उत्पलानं केसांच्या चिमट्यानं काढल्या.

"माझा आवाज वाईट आहे का?" तिनं विचारलं होतं.

"नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर डॉक्टर हिराई नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाकडे निघालं. २०३८ सालच्या वसंतात सायो तिसऱ्यांदा अमेरिकेला गेली ती त्याचं यंत्र घेऊन. यंत्राचं नाव 'युकारी', जपानीत नातं, ऋणानुबंध. चार महिन्यांत तिची तीन गाणी अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत होती. कार्यक्रम ऐकून परतलेले ट्रकचालक, परिचारिका, शेतावर काम करणारे लोक अर्धी जपानी, अर्धी इंग्रजी असलेली ती गाणी गुणगुणत होते. जपानी गायिका पश्चिमेत चालणार की नाही, या जुन्या वादावर वर्तमानपत्रांनी पडदा टाकला.

क्लीव्हलंडच्या पोलिसांनी चित्रफीत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी उत्पलाला सोडून दिलं. तिनं आपलं काम केलं होतं. संध्याकाळी हॉटेलात वडिलांचा फोन आला.

"तुह्या हातानं बाई मेली म्हंते टीव्हीवाले. खरं हाय काय?"

"हो बाबा."



"लेकरंबाळं होती काय तिले?"

"दोन पोरं."

"घरी ये तू."

"कशी येऊ बाबा? काम सुरू हाय."

"कायचं काम हाय वं हे?" वडील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

सायोचा खांदा बसवून झोळीत अडकवला होता. पुढचा कार्यक्रम नऊ दिवसांनी, फिलाडेल्फियात, उघड्या स्टेडियमवर, पन्नास हजार लोकांसमोर. तो रद्द होईल असं उत्पलाला वाटलं होतं. उलट तिकिटं वाढवली गेली.

तिसऱ्या दिवशी ती हिराईच्या खोलीत गेली. हिराई साठीचा, हडकुळा माणूस होता. सतत आंबट गोळ्या चघळायचा. त्याच्या टेबलावर चार पडदे होते.

"डेनिसला झालं काय होतं?" तिनं विचारलं. "दारू नव्हती, औषधं नव्हती. पोलीस म्हणाले."

हिराईनं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही कधी युकारी लावून ऐकलंय?"

"रक्षकानं कान मोकळे ठेवायचे असतात. यंत्र करतं काय, ते सांगा."

तो सांगू लागला. आपण गाणं ऐकतो तेव्हा मेंदू गप्प बसून ऐकत नाही, तो सारखा अंदाज बांधत असतो. पुढचा स्वर कुठला, पुढचं अक्षर कुठलं. अंदाज थोडा चुकला की गंमत वाटते, फार चुकला की शीण येतो. परक्या भाषेतल्या, परक्या घडणीच्या आवाजाबाबत तो फारच चुकतो आणि माणूस गाणं बदलतो. सायोचं नेमकं तेच होत होतं. युकारीचे इअरबड प्रेक्षकांना दारातच देतात. त्यांना आतून बारीक धातूची टोकं आहेत, ती कानाच्या पोकळीतून मेंदूतले सूक्ष्म विद्युतप्रवाह टिपतात. अंदाज कुठं चुकला हे यंत्राला तिथल्या तिथं कळतं आणि ते सायोचा आवाज त्या एका माणसापुरता वाकवतं. स्वराची लांबी, अक्षरांचे काठ, श्वासाची जागा. दोन-तीन गाण्यांत यंत्र त्या माणसाच्या मेंदूतल्या सगळ्यांत जुन्या साच्यापाशी पोचतं.

"जुना म्हणजे?"

"आयुष्यातली पहिली दोन वर्षं ज्या आवाजात गेली तो साचा. शब्द सायोचेच असतात. पण ते घरचं माणूस बोलल्यासारखे कानावर येतात. पन्नास हजार माणसं, पन्नास हजार घरं."

"यात माणसं मारण्यासारखं काय आहे?"

हिराईनं गोळी गालाच्या दुसऱ्या बाजूला सारली. "बाळंत झालेली मांजर पाहिलीय? पिलाला चाटते तेच प्रेम. आणि कुणी जवळ गेलं की डोळे फोडते, तेही तेच. मेंदूत एकच रसायन दोन्ही कामं करतं. आपल्या माणसाबद्दल माया आणि इतरांबद्दल वैर. डेनिसला त्या दुपारी वाटत होतं की सायो तिची आहे. मुलगी म्हणा, बहीण म्हणा. आणि अनोळखी लोक तिला ओढून नेताहेत."

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

त्यानं ड्रॉवरमधून इअरबडची एक जोडी काढून तिच्यापुढं ठेवली. "मी सांगून तुम्हाला पटणार नाही. पाच मिनिटं ऐका. सरावाचं ध्वनिमुद्रण आहे."

उत्पलानं ते कानात घातले. सायोचं नेहमीचं गाणं. नऊ वर्षांत हजारदा कानावरून गेलेलं आणि कधीच न ऐकलेलं. पहिल्या मिनिटाला काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या मिनिटाला सायोचा एक स्वर शेवटाला जरा लांबला, बडनेऱ्याच्या बाया दारातून हाक मारताना लांबवतात तसा. उत्पला दोन वर्षांची होईपर्यंत आई-बाबा बडनेऱ्यात राहत होते. आई आठ वर्षांपूर्वी गेली होती. हा आवाज आईचा नव्हता, पण आई ज्या घरातून बोलायची त्याच घरातून तो येत होता. उत्पलाच्या डोळ्यांना धार लागली. तिला कळत होतं की गाणारी कुठंतरी अगदी जवळ आहे, थकलेली आहे आणि तिला कुणीतरी जपायला हवं. दुसरं कुणी नाही, आपणच.

हिराईचा हात तिच्या कानाकडे आला.

पुढचं तिला नीट आठवत नाही. भानावर आली तेव्हा हिराई जमिनीवर होता, त्याचं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं आणि तिचा गुडघा त्याच्या गळ्यावर होता. इअरबड खाली पडले होते. त्याचा चेहरा जांभळा झाला होता. ती झटक्यानं बाजूला झाली आणि भिंतीपाशी जाऊन ओकली.

"ओसाकाच्या प्रयोगशाळेत एकदा वीज गेली होती," हिराई खोकत, मनगट पोटाशी धरून म्हणाला. "बारा जण ऐकत होते. आवाज एकदम तुटला. पोटचं पोर हिसकावून घेतल्यासारखं झालं त्यांना. एकानं माझ्या सहायकाचा डोळा फोडला. तेव्हापासून आम्ही बंद करताना हळूहळू उतरवतो. सहा मिनिटं लागतात. उतरवतानाही आवाज चालू राहावा लागतो. क्लीव्हलंडला डेनिस आणि काही जण उतरवणं पुरं व्हायच्या आधीच बाहेर पडले."

"आणि सायोसान? त्यांना ठाऊक आहे?"

"क्लीव्हलंडनंतर मी प्रेक्षकांच्या मेंदूंचे सगळे आलेख त्यांच्यापुढं ठेवले," हिराई म्हणाला. "त्यांनी ते पूर्ण वाचले."

सायो खिडकीपाशी बसली होती. झोळीतला हात मांडीवर, पुढ्यात न खाल्लेलं जेवण.

"कार्यक्रम रद्द करा," उत्पला म्हणाली. "मी आत्ता एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला. का मोडला ते मला सांगता येत नाही."

"ऐकलं मी." सायो तिच्याकडे न बघता म्हणाली. "प्रत्येक मोठ्या गायकामागे वेडे लोक लागतात. चेंगराचेंगऱ्या होतात. कुणी त्यांना गाणं बंद करा म्हणतं?"

"त्यांच्या गाण्यानं शाळेच्या बसवर काम करणारी बाई गाल चावत नाही."

"तुला काय माहीत?" आता ती वळली. "सोळाव्या वर्षापासून गातेय मी. या देशात मी गमतीची वस्तू होते. बोलणारी बाहुली. आता हे लोक माझी गाणी त्यांच्या मुलांना झोपवताना म्हणतात."

"तुमची नाही म्हणत. ते त्यांच्या घरचंच काहीतरी ऐकतात. तुम्ही जपानी आहात हे विसरायला लावतं ते यंत्र. तुम्ही कुणीतरी आहात हेही."

सायोनं डाव्या हातानं ताट उचलून फेकलं. ते उत्पलाच्या कपाळावर लागलं. भुवईवरून रक्त ओघळलं. दोघीही हलल्या नाहीत.

"तू माझी रक्षक आहेस," सायो म्हणाली. "मग रक्षण कर. सल्ला मागितला नाही मी."

उत्पला तेव्हाच निघून जाऊ शकली असती. तिनं फिलाडेल्फियाच्या पोलिसांना पत्र लिहिलं, आयोजकांना लिहिलं. आयोजकांनी कठडे दुप्पट केले आणि रक्षक तिप्पट, आणि तिचे आभार मानले. मग ती राहिली, कारण पन्नास हजार लोकांत सायोला एकटी सोडणं तिला जमेना.

फिलाडेल्फियात कार्यक्रम दोन वाजता सुरू झाला. कडक ऊन होतं. स्टेडियम काठोकाठ भरलं होतं. पहिली दोन गाणी झाली आणि गर्दी इतकी शांत होती की उत्पलाच्या अंगावर काटा आला. लोक नाचत नव्हते, ओरडत नव्हते. पन्नास हजार माणसं माना किंचित पुढं काढून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत होती.

तिसऱ्या गाण्यात डाव्या बाजूला हालचाल झाली. लाल टोपीतला एक माणूस सायोचं नाव घेऊन ओरडला. शेजारच्यानं त्याच्याकडे वळून पाहिलं, जणू आपल्या बायकोचं नाव भलत्यानं घेतलं. मग त्यानं टोपीवाल्याचं डोकं कठड्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आपटताना तो सायोबरोबर गात होता. त्याच्यामागच्या बाईनं पायातली चप्पल काढून तिच्या टाचेनं त्याच्या मानेवर वार केले. तिथून ते पाणी उतरावं तसं पसरलं. ओळीमागून ओळी उठल्या. कुणी खुर्च्यांचे दांडे उपटले. एका म्हाताऱ्या जोडप्यातली बाई नवऱ्याच्या डोळ्यांत बोटं खुपसत होती. वरच्या सज्ज्यातून एक माणूस खाली आला. तो उडी मारून आला की फेकला गेला, ते दिसलं नाही. तो खालच्या लोकांवर पडला आणि त्या लोकांनी त्याला बाजूला सारून आपली मारामारी पुढं चालू ठेवली. समोरचा कठडा वाकला. पहिल्या फळीतले रक्षक त्याखाली गेले.

उत्पला मंचावर धावली. सायो गात होती, पण तिचे डोळे विस्फारले होते. तिला सगळं दिसत होतं.

"थांबू का?" गाण्याच्या दोन ओळींमध्ये तिनं विचारलं. आवाज लहान मुलीसारखा आला.

"थांबू नका! एकदम थांबलात तर कुणीच वाचणार नाही." उत्पलानं तिचा चांगला खांदा धरला. "हिराई यंत्र उतरवतील. सहा मिनिटं. तोवर गात राहायचं. दर मिनिटाला तुम्ही त्यांना कमी कमी आवडाल. शेवटी फक्त तुम्ही उराल. जमेल?"

खाली कुणीतरी तुटलेल्या किंकाळीनं ओरडत होतं.

"त्यांना सांग, उतरवा," सायो म्हणाली, आणि पुढची ओळ तिनं बरोबर जागेवर उचलली.

उत्पलानं कॉलरवरच्या माइकवर हिराईला आज्ञा दिली आणि मंचाच्या कडेला गेली. तीन माणसं वर चढली होती. पहिल्याला तिनं छातीवर लाथ मारून खाली पाठवलं. दुसऱ्याच्या हातात खुर्चीचा दांडा होता. तो तिच्या बरगड्यांवर बसला आणि काहीतरी तुटलं. तिनं त्याला पाठीवरून फेकलं आणि या वेळी त्याची बाही मुठीत घट्ट धरून ठेवली. तिसऱ्यानं तिच्या केसांना धरून तिचं तोंड लाकडी फळ्यांवर घासलं. "तिच्याजवळ तू कशाला?" तो रडत म्हणत होता. "तू तिची कोण?" तिनं त्याचा अंगठा मागे मोडला.

दुसरं मिनिट गेलं. तिसरं गेलं.

चौथ्या मिनिटाला फरक दिसू लागला. मारणारे हात मध्येच थबकायचे. कुणी कानातला इअरबड काढून त्याच्याकडे बघायचं, पुन्हा घालायचं. सायोचा आवाज त्यांच्या कानांत घर सोडून चालला होता, आणि ते त्यांना कळत होतं. दुःखाचा एक हुंदका अख्ख्या स्टेडियममधून उठला. त्याच्या मागोमाग राग आला, पण हा राग वेगळा होता. तो आता एकमेकांवर नव्हता. तो मंचाकडे वळला.

पहिली बाटली सायोच्या पायाशी फुटली. दुसरी तिच्या कपाळाला चाटून गेली. पाचव्या मिनिटाला पाण्यानं भरलेली एक धातूची बाटली तिच्या तोंडावर बसली. ती दोन पावलं मागे गेली, वाकली, रक्ताबरोबर पुढचा दात थुंकली आणि पुन्हा माइकपाशी आली. आता तिच्या 'स'मधून शीळ निघत होती. तरी ती गात राहिली.

सहावं मिनिट संपलं. युकारी पूर्ण उतरलं होतं. उन्हात एक बत्तीस वर्षांची जपानी बाई तिच्या भाषेतलं गाणं म्हणत होती आणि ते कुणाचंच नव्हतं. बाटल्या थांबल्या. लोक झोपेतून उठल्यासारखे आपल्या हातांकडे, पायाखाली पडलेल्यांकडे बघू लागले. कुणी गुडघ्यावर बसून कुणाचं रक्त पुसत होतं. परक्या बाईसाठी कुणी कुणाचा जीव घेत नाही.

मंचाखाली, नाक फुटलेली एक तरुण बाई कठड्याला धरून उभी होती. तिनं उत्पलाकडे वर पाहिलं.

"ही गाणारी कोण आहे?" तिनं विचारलं.

उत्पलाच्या तोंडात रक्त होतं. तिनं ते थुंकलं. मागे सायोनं गाणं शेवटपर्यंत नेलं, आणि मग ती मंचावर बसली.

त्या दुपारी एकतीस माणसं मेली.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. हिराई माफीचा साक्षीदार झाला. सायोनं आपण क्लीव्हलंडनंतरचे आलेख वाचले होते, हे नाकारलं नाही. उत्पलाला साक्षीला बोलावलं तेव्हा सरकारी वकिलानं तिला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तुम्ही तिला धोक्याची सूचना दिली होती का? उत्पला हो म्हणाली. तेव्हा ती काय म्हणाली? उत्पलानं तेही सांगितलं. नऊ वर्षांत ती सायोच्या विरुद्ध पहिल्यांदाच उभी होती आणि सायो समोरच्या टेबलामागून तिच्याकडे बघत होती, रागानं नाही, लक्ष देऊन. शेवटी कुणी न विचारता उत्पला म्हणाली, "डेनिस हॅलोरनची बाही मी सोडली. ते यंत्रानं केलं नाही. माझ्या कानात तेव्हा काहीच नव्हतं." न्यायाधीशांनी तिला थांबवलं. त्या वाक्यावरून क्लीव्हलंडचं तिचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. त्याची तारीख पुढच्या महिन्यात होती.

सायोच्या वकिलाला दाखवायचं होतं की तिनं शेवटी जीव धोक्यात घालून लोकांना वाचवलं. त्यानं स्टेडियममधल्या ध्वनिमुद्रणाची शेवटची दीड मिनिटं न्यायालयात वाजवायची परवानगी मागितली. सरकारी वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती फेटाळली.

भिंतीवरच्या साध्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं. यंत्र नव्हतं, इअरबड नव्हते. पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ घालणारा, जरा चिरलेला आवाज. या ओळी जपानी होत्या, ज्युरीतल्या कुणालाच त्या कळत नव्हत्या. ज्युरीच्या बाकांवर बारा जण होते. पहिल्या ओळीत टोकाला एक गंभीर, टक्कल पडलेला माणूस होता, मोठ्या कंपनीत बॉयलरची देखभाल करणारा. सबंध खटल्यात त्यानं चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नव्हती. अर्ध्या मिनिटानं उत्पलाला दिसलं की त्याचा बूट हलतोय. आधी टाच, मग चवडा. तो जमिनीवर हळूच ठेका धरत होता. त्याला ते ठाऊक नव्हतं. मागच्या ओळीतली एक बाई मान किंचित कलती करून ऐकत होती, पुढचा स्वर कुठं जातोय याची वाट बघावी तशी.

उत्पलानं सायोकडे पाहिलं. सायो त्या बुटाकडेच बघत होती.

गाणं संपलं. न्यायाधीशांनी पुढचा साक्षीदार बोलावला. टक्कलवाल्या माणसानं पाय आवरून घेतला.

चौथ्या दिवशी निकाल आला. ज्युरीचा प्रमुख म्हणून तोच उठला. एकतीस जणांच्या सदोष मनुष्यवधाचा आरोप त्यानं कागदावरून वाचला आणि म्हणाला, "दोषी." एकतीस नावं, एकतीस वेळा. त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही.

पोलीस सायोच्या हातात बेड्या घालू लागले. उत्पला मागच्या बाकावर बसली होती. बाहेर नेताना सायो तिच्यापाशी क्षणभर थांबली. पोलिसानं तिला तेवढं थांबू दिलं.

"त्याचा पाय पाहिलास?" तिनं जपानीत विचारलं. दात नसलेल्या फटीतून वारा गेला.

"पाहिला."

"ठेका बरोबर होता त्याचा," सायो म्हणाली, आणि ते तिला घेऊन गेले.